लिंबच्या अलीकडे, लिंप मोडमध्ये

खंबाटकीच्या घाटात आम्हाला सगळ्यात आधी एका एसटीनं मागं टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. एसटीनं कुणालाही कुठंही मागं टाकावं, तो तिचा मान आहे. मग कांद्याचा ट्रक गेला. मग मांडवाचं सामान, चार अजस्र कढया आणि त्यांतल्या एका कढईत आरामात बसलेले दोन आचारी घेऊन एक टेम्पो गेला. त्यातल्या एकानं आमच्याकडं बघून हात केला. तो मदतीचा होता की निरोपाचा, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. आम्ही पुण्याहून लिंबला, बायकोच्या माहेरी निघालो होतो. मागच्या सीटवर सासूबाईंचा दुरुस्त करून आणलेला मिक्सर. लिंबमध्ये बिघडलेली प्रत्येक वस्तू जावयाच्या गाडीतून पुण्याला जाते आणि जावयाच्याच गाडीतून परत येते, असा रिवाज आहे. आजवर या रिवाजात गाडी स्वतः कधी बिघडली नव्हती. नऊ वर्षांची, दीड लिटर इंजिनाची डिझेल. घाट म्हटला की अंगात आल्यासारखी चढायची. त्या दिवशी मात्र मी अॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी तिसऱ्यात कण्हत होती, दुसऱ्यात रडत होती, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा लागला होता. ज्यानं ते चित्र काढलं त्यानं इंजिन पाहिलेलं नसावं. मला ते नेहमी पाणबुडीसारखं दिसतं, आणि ते पेटलं की बुडाल्यासारखंच वाटतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"कुठवर आलात?"

"आई, गाडी लिंप मोडमध्ये गेलीय."

"लिंबमध्ये आलात? मग फाट्यावर थांबू नका, सरळ घरी या. आमटी तापवती."

"लिंब नव्हे, लिंप. लिंप मोड."

"मोड आल्यात की. मटकीलाच आल्यात. तीच केलीय."

मी फोन बायकोकडं दिला.

लिंप मोड म्हणजे काय, हे तेव्हा मलाही अर्धवटच ठाऊक होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं की तो इंजिनाची ताकद कमी करून ठेवतो. पोलिसांत आजारी हवालदाराला 'लाइट ड्यूटी' देतात ना, तसं. घरी पोचाल, पण मर्दुमकी दाखवू नका. लिंबला प्रसिद्ध बारा मोटेची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची बांधणी. तिच्या गावच्या वाटेवर आमची एक मोटार चालेना.

वर्कशॉपमध्ये गाडी नेली तेव्हा ती अर्थातच शहाण्यासारखी वागली. घरी तापानं फणफणलेलं पोर डॉक्टरांच्या टेबलावर बसलं की हसायला लागतं, त्यातला प्रकार. फोरमननं चक्कर मारली, टॅब्लेट जोडला, आणि पत्रिका बघितल्यावर गुरुजी जेवढे गप्प राहतात तेवढा वेळ गप्प राहून म्हणाला, "टर्बो गेलाय, सर." अंदाजपत्रक चौसष्ट हजारांचं.

आता खरं सांगायचं तर धक्क्याबरोबर मला जरा भारदस्तही वाटलं. आमच्या ऑफिसात बाकीच्यांच्या गाड्यांचे टायर जातात, वायपर जातात. माझा टर्बो गेला होता. कॅन्टीनमध्ये मी ते वाक्य दोन-तीनदा वेगवेगळ्या स्वरांत म्हणून पाहिलं. लोकांनी चहा खाली ठेवून ऐकलं. एकानं तर खांद्यावर हात ठेवला.

घरी बायकोनं फोरमननं दिलेला छापील कागद मागितला. ती चोवीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पोरं तिला बाई म्हणतात आणि अशा प्रसंगी मीही मनातल्या मनात बाईच म्हणतो. तिनं चष्मा लावला आणि, शपथेवर सांगतो, लाल पेन हातात घेतलं.

"यात दोन कोड आहेत," ती म्हणाली. "पहिला पी००४५. त्याच्यापुढं लिहिलंय, बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड, सर्किट ओपन. दुसरा पी०२९९. म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा कमी. 'टर्बो खराब' कुठं लिहिलंय, दाखवा."

"अगं, त्याचा अर्थ तोच असतो."

"अर्थ तोच असता तर तसंच लिहिलं असतं. परिपथ खंडित आहे, एवढंच म्हणतेय गाडी. हा इयत्ता आठवीचा धडा आहे. आणि दुसरा कोड हा पहिल्याचा परिणाम. मुलगा शाळेतच आला नाही, म्हणून प्रार्थनेला नव्हता. त्याच्यावर दोन तक्रारी कशाला नोंदवायच्या?"

मी तिला टर्बो समजावून सांगायला गेलो आणि दहा मिनिटांनी असं लक्षात आलं की तीच मला सांगतेय. माझी आजी चुलीपाशी फुंकणी घेऊन बसायची. लाकडं तीच, चूल तीच, पण फुंकर बसली की जाळ दुप्पट. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. फरक एवढाच, की आजीला स्वतःच्या छातीतली हवा खर्च करावी लागे. इथं सायलेन्सरकडं निघालेल्या धुरालाच जाता जाता एक चाक फिरवायला लावतात. त्याच दांड्याच्या पलीकडच्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. टाकून दिलेल्या धुरातून ताकद काढणारा, असा कोंड्याचा मांडा करणारा माणूस आमच्या सदाशिव पेठेत न जन्मता स्वित्झर्लंडमध्ये कसा जन्मला, हे मला कोडंच आहे.

पण फुंकर किती घालायची हे कुणीतरी ठरवायला हवं, नाहीतर भाकरी करपते. ते काम सोलेनॉइड करतो. काड्यापेटीहून थोडा मोठा डबा, तीन नळ्या, दोन तारा. एका तारेतून बारा व्होल्ट येतात. दुसरी कॉम्प्युटरकडं जाते, आणि कॉम्प्युटर ती सेकंदाला कैक वेळा अर्थला टेकवतो आणि सोडतो. टेकवण्याचा वेळ जास्त, तर आमच्या गाडीत टर्बोच्या पाकळ्या मिटत येतात, धूर अरुंद फटीतून जोरात घुसतो आणि फुंकर वाढते. तार तुटली तर पाकळ्या उघड्या राहतात. फुंकर मंद, पण इंजिन शाबूत. बनवणाऱ्यानं बिघाडसुद्धा सौम्य बाजूला झुकवून ठेवलाय. कौतुक आहे. कांद्याचा ट्रक पुढं जात असताना मात्र ते सुचत नाही.

रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. पुण्यातल्या सोसायटीत उघडं बॉनेट हे सार्वजनिक आमंत्रण असतं. पाच मिनिटांत चेअरमन आले, तळमजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका आले, बी विंगमधला आयटीतला मुलगा दात घासत आला. प्रत्येकानं आपापला आजार आमच्या गाडीला लावला. काकांच्या गाडीचा डिझेल फिल्टर एकदा तुंबला होता, म्हणून आमचाही तुंबला होता. चेअरमनांचं ईजीआर साफ करावं लागलं होतं, म्हणून आमचंही घाण. आयटीवाला तोंडातल्या फेसातून म्हणाला, "बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून परत लावा. ऑफ करून ऑन." त्यानं दिवा विझतो हे खरं आहे. तक्रारपेटीतली चिठ्ठी फाडली की तक्रारही मिटते, त्या अर्थानं.

बाईंनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. मी ९०० रुपयांना एक ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला होता. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लागतो. त्या सॉकेटशी आजवर फक्त माझ्या गुडघ्याची ओळख होती. फोनवर सगळं दिसायला लागलं. कोड पडला त्या क्षणाचा पंचनामासुद्धा गाडीनं करून ठेवला होता: इंजिनाचे फेरे २४००, वेग ताशी ३८ किलोमीटर, पाण्याचं तापमान ९१. आचाऱ्याचा हात तेवढा नोंदलेला नव्हता.

"इंजिन बंद, किल्ली चालू," बाईंनी हुकूम सोडला. "हवेचा दाब किती?"

"९४ किलोपास्कल."

"बरोबर. मुंबईत समुद्रकाठी १००च्या आसपास असतो, महाबळेश्वरला ८६च्या. पुण्यात ९४ म्हणजे दाबाचा सेन्सर शुद्धीवर आहे. त्याचा भूगोल पक्का आहे. सोडा त्याला."

चेअरमन जरा मागं सरकले. ते भूगोलात कच्चे असावेत.

मग सोलेनॉइडचं कनेक्टर काढलं आणि त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला. त्याआधी तिनं मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून पाहिल्या. त्यांचा स्वतःचाच रोध अर्धा ओहम निघाला, तो वजा करायचा. भाजीवाल्याच्या तराजूत आधी रिकामी पारडी बघतात तसं. उरले पंधरा ओहम. "कॉइल धडधाकट आहे. बारा भागिले पंधरा, पाऊण अँपिअरच्या वर थोडा प्रवाह. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. आयटीवाल्यानंही फोनमध्ये लिहून घेतलं.

मग तारेकडचं कनेक्टर.

"अर्थ आहे का बघा."

"कशाला?" मी विचारलं. गेली दोन मिनिटं माझ्या मनात तोच प्रश्न होता.

"मीटरच्या काळ्या सुईला. बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा."

धरली. लाल सुई कनेक्टरमध्ये लावली. १२.३ व्होल्ट. पूर्ण. काका खुशीत म्हणाले, "करंट येतोय! म्हणजे वायर ओके. टर्बोच गेलाय." मलाही आतून बरं वाटलं. चौसष्ट हजार जाणार होते, पण अब्रू राहणार होती.

बाईंनी पिशवीतून शाळेच्या प्रयोगशाळेतला होल्डर काढला. त्यात इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब.

"काका, आपल्या तिसऱ्या मजल्यावर उन्हाळ्यात पाणी येतं?"

"कुठलं येतंय! ठिबकतं."

"तोटी बंद असताना पाइपात दाब असतो?"

"असतो की. तोटी उघडली की संपतो."

"मीटर म्हणजे बंद तोटी. तो जवळजवळ काहीच पीत नाही. तारेच्या अंगात किती दम आहे हे काहीतरी पाजायला लावल्याशिवाय कळत नाही." असं म्हणून तिनं बल्बचं एक टोक कनेक्टरच्या त्या पिनेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बल्ब लागला म्हणजे आतली तार लालसर झाली, देव्हाऱ्यातल्या समईएवढी. मीटरवर १२.३चे झाले ३.८.

"साडेआठ व्होल्ट वाटेत कोण खातंय?" बाई म्हणाल्या.

चेअरमननी नजर वळवली. सोसायटीच्या रंगकामाचा हिशेब त्याच महिन्यात मांडायचा होता.

दुसऱ्या, कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या तारेला मी उत्साहानं बल्ब लावायला गेलो तेव्हा माझ्या हातावर चापटी बसली. ती तार कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक स्विचला जाते, तिथं बल्बाचं ओझं टाकायचं नाही. तिथं फक्त मीटर. त्या तारेत खोट निघाली नाही. फ्यूजही तपासायची गरज उरली नव्हती. ईजीआरच्या सोलेनॉइडलाही त्याच फ्यूजमधून वीज जाते आणि त्याची तक्रार नव्हती. म्हणजे चोर दोघांच्या वाटा फुटतात त्याच्या पुढं, आमच्या गल्लीत होता.

आता काम सोपं आणि कंटाळवाणं होतं. बल्ब काकांच्या हातात. मी तारांची जुडी वितावितानं हलवत जाणार आणि काका ओरडणार. काकांनी रेल्वेत सिग्नल खात्यात काढलेली सगळी वर्षं पणाला लावली. "डिम... डिम... डिम..." इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं हात घातला की कोपरापर्यंत काळा होतो, तिथं मी जुडी वाकवली आणि काका गर्जले, "क्लिअर! क्लिअर! ...गेला."

काळी पन्हळीची नळी उलगडली. आत भुईमुगाची टरफलं, पोळीचा वाळका तुकडा, आणि एका बारीक तारेच्या सालीवर दोन दातांच्या खुणा. उंदीर. बाप्पाच्या वाहनानं माझ्या वाहनाचा एकच चावा घेऊन चव बघितली होती. तोही बरेच महिन्यांपूर्वी. कारण तार तुटलेली नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसली असती. त्या दोन छिद्रांतून पावसाचं आणि वॉशिंगच्या फवाऱ्याचं पाणी आत मुरत गेलं होतं. साल सोलली तर तांब्याच्या जागी हिरवी पूड, बोटाला लागली की राहणारी, आणि तिच्यातून कसेबसे एकमेकांना चिकटून असलेले दोन-तीन काळपट केस. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर भागत होतं. घाटात जोर लावला की इंजिन आपल्या बैठकीवर कलतं, जुडी ताणली जाते आणि ते केस एकमेकांचा हात सोडतात. वर्कशॉपमध्ये गाडी का हसली, ते कळलं.

नाना पेठेतल्या वायरिंगवाल्यानं चार बोटं तार कापून टाकली, नवी जोडली, डाग दिला, वर गरम केल्यावर आवळून बसणारी नळी चढवली. साडेतीनशे रुपये. बल्बाची हकीकत ऐकून तो म्हणाला, "वहिनी, दुकानात बसणार का?" बाईंनी कापलेला तुकडा मागून घेतला. दहावीला दाखवायला.

उंदरांवर उपाय म्हणून त्यानं बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधून दिली. उंदरांना तो वास सहन होत नाही म्हणतात. आमच्या वॉचमनला होतो. तीन दिवसांत पुरचुंडी निम्मी झाली आणि चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "साहेब, चुना नाही ठेवत का?"

ऑफिसात मात्र मी उघडा पडलो. "काय निघालं?" म्हणून सगळे जमले. "वायर होती," मी म्हणालो. "टर्बोची वायर," अशी पुस्तीही जोडली. पण लोकांनी चहा पुन्हा उचलला होता. ज्यानं खांद्यावर हात ठेवला होता त्यानं तो आता परत घेतल्यासारखं बघितलं. बायपासला म्हणून दाखल झालेला माणूस गॅसवरची गोळी घेऊन घरी आला की जमलेल्या नातेवाइकांची जी निराशा होते, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

ऑगस्टमध्ये पुन्हा लिंब. खंबाटकी सुरू झाला आणि बाईंनी फोन हातात घेऊन दाबाचं धावतं समालोचन सुरू केलं. "एकशे दहा... एकशे चाळीस... गियर बदलला, पडला... एकशे ऐंशी... दोनशे पाच!" मी एक कांद्याचा ट्रक मागं टाकला. तो तोच होता असं मी धरून चालतो.

जेवणं झाल्यावर तिनं पर्समधून तो तुकडा काढून आईला दाखवला आणि आठवीच्या धड्यापासून सुरुवात केली. सासूबाईंनी तो उजेडाकडं धरला, हिरवी पूड नखानं खरवडली, आणि धडा मध्येच तोडून म्हणाल्या, "कळकलीय की ही. तांबं उघडं ठेवल्यावर कळकणारच. ह्याला कल्हई नसती व्हय करत?"

बाई गप्प झाल्या. मला वाटलं, आता हसेल. पण ती म्हणाली, "करतात, आई. बोटींच्या वायरिंगला खाऱ्या हवेत टिकावी म्हणून करतात. तांब्याच्या प्रत्येक तारेला कथील चढवतात."

"मग?" सासूबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्याचा हंडा होता, आणि मागून शेजारची पोरं दोन पितळी पातेली आणि एक परात घेऊन येत होती. इकडं आता कल्हईवाला फिरकत नाही म्हणाल्या, पुण्यात असेल. डिकीत हंडा आडवा मावला नाही, म्हणून मिक्सरच्या जागी मागच्या सीटवर उभा ठेवून पट्टा लावला. येताना बोगद्यातून आलो, चढ नाहीच, तरी प्रत्येक खड्ड्याला पातेली वाजत होती आणि मी उगाचच डॅशबोर्डकडं बघत होतो. दोन दिवस शोधून तांबट आळीच्या बाजूला एक कल्हईवाला सापडला.

तारेचे साडेतीनशे झाले होते. भांड्यांचे चौदाशे झाले.